पायली-शेराचा हिशेब

इ. स. १६७६ च्या सप्टेंबर महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र पाठविले. कष्ट करण्याची ताकद आहे, पण जोताला बैल नाहीत आणि पोटाला दाणे नाहीत, अशा कुणब्याला बैलांसाठी पैसा व पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, अशी त्यात आज्ञा आहे. हे पत्र वर्गात वाचून दाखविले, तर मुलांचा पहिला प्रश्न येईल : खंडी म्हणजे किती? त्याचे उत्तर किलोग्रॅममध्ये देण्याची घाई करणारा मात्र चुकण्याचाच संभव अधिक.

याचे कारण असे की, खळ्यावरचे धान्य तोलले जात नसे, मापले जात असे. पायली, शेर ही भांडी होत. मण व खंडी ही त्या भांड्यांची मोजदाद होय. शेर आणि मण हे शब्द वजनातही रूढ होते, त्यामुळे घोटाळा वाढतो. ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर निराळा आणि धान्य मापण्याचा शेर निराळा.

या मापांचे कोष्टक सुटसुटीत होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. म्हणजे एका पायलीत ६४ निळवी. प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट असल्यामुळे मापाचा खरेखोटेपणा निरक्षर माणसालाही दोनदा ओतून ताडता येई. पायलीच्या वर मात्र ही एकवाक्यता संपते. मण कोठे बारा पायल्यांचा, तर कोठे सोळा पायल्यांचा. आणि वीस मणांची खंडी. म्हणजे एकाच नावाची खंडी एके ठिकाणी २४० पायल्यांची, तर दुसरीकडे ३२० पायल्यांची!

धान्यागणिक वजनही बदलते. एक लिटर गहू पाऊण किलोहून थोडा अधिक भरतो. टरफलासह भात मात्र अर्ध्या किलोच्या थोडेच वर जाते. शिवाय माप सपाट की शिगेचे, हा प्रश्न उरतोच. पसरट तोंडाच्या मापावर शीग मोठी राहते. हलवून, दाबून भरलेल्या मापात दाणे अधिक मावतात. धान्य उसने देताना सपाट माप आणि परत घेताना शिगेचे माप लावले, तर कागदावर पायलीला पायलीच दिसे. ऋणकोच्या घरातून मात्र दर पायलीमागे ओंजळ-दोन ओंजळी जादा जात. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग अशा अनुभवांतूनच अर्थपूर्ण होतो. माप ज्याच्या हाती, त्याच्याच हाती न्यायही असे.

१९५६ च्या कायद्याने देशभर एकच मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. सध्या वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ लागू आहे. किलोग्रॅमचा खरा लाभ केवळ हिशेबाच्या सोयीचा नाही. घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे माप एकच झाले, हा आहे.

तरीही जुनी मापे विसरून चालणार नाही. दप्तरात ती पदोपदी भेटतात. असा कागद वाचताना अधिकाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात : धान्य कोणते, मण किती पायल्यांचा आणि माप सपाट की शिगेचे. शिक्षकांनी घरोघरची जुनी मापे वर्गात आणवून, त्यांत पाणी ओतून ती लिटरमध्ये मोजवून घ्यावीत. गणित आणि इतिहास दोन्ही त्यातून शिकता येतील. पंचायत सदस्यांनी गावातील वृद्धांना विचारून आपल्या गावचा मण किती पायल्यांचा होता, हे लिहून ठेवावे. ही माहिती सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. आणि ती गेली, की दप्तरातील खंडी हा केवळ एक शब्द उरेल.