तुमचं रान किती वीत?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मृग तीन आठवड्यांवर आलाय. मोघडणी उरकली, बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव चालू आहे, आणि आज तुम्ही दिवस मोडून इथं आलात. म्हणून पाल्हाळ लावत नाही. मला आज जमिनीतल्या ओलीचा हिशोब सांगायचा आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो.

२०१५ सालची गोष्ट. शेतकीची पदवी घेऊन मी तेव्हा एका प्रकल्पात नोकरीला होतो. आमच्याकडे संगणकावर चालणारं एक गणित होतं. पाऊस, ऊन, वारा, मातीचा प्रकार असे आकडे त्यात भरायचे, आणि जमिनीत किती ओल आहे ते त्यातून निघायचं. त्या वर्षी जून बरा झाला. संगणक म्हणाला, तालुक्यात ओल पुरेशी आहे. मी गावोगाव जाऊन सांगितलं, सरकी टोबायला हरकत नाही. पुढं काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. जुलै कोरडा गेला. एका आप्पांच्या माळाच्या रानात सरकी उगवली, चार पानांवर आली आणि बसली. त्यांनी दुबार लावली, तीही गेली. मी भेटायला गेलो तेव्हा आप्पा चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "सायेब, तुमच्या मशिनीत माझं रान किती वीत धरलं होतं?"

मी परत येऊन पाहिलं. सगळ्या तालुक्याला एकच आकडा धरला होता, नव्वद सेंटिमीटर. म्हणजे चार वीत. आप्पांचं रान होतं दीड वीत, त्याखाली मुरूम. बाकी गणितात काही चूक नव्हती. ज्या एका आकड्यावर सगळं उभं होतं, तो आप्पांच्या नांगराच्या फाळाला ठाऊक होता आणि माझ्या संगणकाला ठाऊक नव्हता. नोकरी मी पुढं सोडली, पण तो प्रश्न सुटला नाही.

हे गणित म्हणजे काही देवाची विद्या नाही. १९४८ साली इंग्लंडात पेनमन आणि अमेरिकेत थॉर्नथ्वेट या दोघांनी आपापल्या वाटेनं ते मांडलं. १९७२ साली रिची नावाच्या शास्त्रज्ञानं टेक्सासमधल्या काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीवर काम करून, उघड्या मातीतून किती पाणी उडतं आणि पिकातून किती, याची वेगळी मांडणी केली. जगभरच्या संगणकात आज जी ओलीची गणितं चालतात, त्यातल्या बऱ्याच गणितांच्या पोटात ही मांडणी आहे. म्हणजे जमीन आपल्यासारखीच आहे. मग ही विद्या आपल्या बांधावर का आली नाही? कारण ती आली ती वीस-पंचवीस आकडे मागत आली. वाऱ्याचा वेग सांगा, सूर्याची उष्णता सांगा. हे शेतकऱ्यानं कुठून आणायचं?

मी गेली काही वर्षं एकच काम केलं. यातलं काय काढून टाकलं तरी निर्णय बदलत नाही, ते पाहिलं. उरल्या तीन गोष्टी. रांजण केवढा, त्यात पडलं किती, आणि रोज जातं किती.

रांजण केवढा, हे आधी. जमीन म्हणजे पाण्याचा रांजण. चांगल्या काळ्या मातीची एक वीत साधारण पस्तीस मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. मध्यम रान तीस धरतं. मुरमाड, बरड रान वीस धरलं तरी पुष्कळ. हे ढोबळ आकडे आहेत, पाच इकडं पाच तिकडं होतील. मुरूम किंवा चुनखड लागेपर्यंत किती वीत आहे ते मोजा आणि गुणा. चार वीत काळी म्हणजे एकशे चाळीस. दीड वीत मुरमाड म्हणजे तीस. एकाच गावात, एकाच पावसात, एका भावाकडं एकशे चाळीसचा रांजण आणि दुसऱ्याकडं तीसचा. आणि दोघांना सल्ला मात्र एकच येतो! विहीर खणताना, बांध घालताना, झाडाचा खड्डा घेताना तुम्ही हे शंभरदा पाहिलंय, फक्त लिहून ठेवलेलं नाही. एका रानात दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण उताराच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला एक आकडा निघत नाही.

पडलं किती, याला सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा पुरतो. तोंड आणि बूड एका मापाचं पाहिजे, मग डबा लहान असो की मोठा, फूटपट्टीवर येईल तेवढे मिलिमीटर पाऊस. झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवा. सकाळी साडेआठला मोजून डबा उपडा करा, हवामान खात्याचीही तीच वेळ आहे. आता राज्यात महावेधची दोन हजारांवर केंद्रं आहेत, महसूल मंडळाला एक. चांगली गोष्ट आहे. पण मंडळात दहा-पंधरा गावं, आणि पाऊस कसा पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. बैलाचं एक शिंग भिजतं, एक कोरडं राहतं.

एक जादा हिशोब लक्षात ठेवा, तो मला स्वतःला फार उपयोगी पडला. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. पंचवीस मिलिमीटरची एक बरी सर म्हणजे एकरी एक लाख लिटर. टँकर मोजत बसलात तर गावाला पुरणार नाहीत एवढं पाणी.

रोज जातं किती? सरकी उगवून महिना होईतो रोज दोन-अडीच मिलिमीटर धरा. रान झाकत आलं की साडेतीन-चार. पात्या-फुलं लागल्यावर, ऊन तापलेलं असेल तर पाच. ढग धरून असले तर एक कमी करा. शाळेच्या वहीत चार रकाने पाडा, तारीख, पाऊस, खर्च, शिल्लक. शिल्लक रांजणाच्या वर गेली तर खोडून रांजणाचाच आकडा लिहा, वरचं पाणी वाहून गेलं किंवा खाली मुरलं. रान आधीच ओलं असताना एका दिवशी पन्नासच्या वर पडलं, तर पन्नासच्या वरचं निम्मंच जमा धरा. शिल्लक रांजणाच्या निम्म्यावर आली की पीक ओढ खायला लागतं. वही रोज लिहिली नाही तरी चालेल, आठवड्याला लिहा. डबा मात्र पाऊस पडेल त्या दिवशी मोजायचा.

आता ही वही लावून २०२३ चा ऑगस्ट पाहा. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. धरून चला की एकतीस जुलैला दोन्ही भावांचे रांजण भरलेले होते. पीक रोज पाच मिलिमीटर ओढतंय. धाकट्याच्या तीसच्या रांजणाची निम्मी ओल तीन दिवसांत गेली, सहाव्या दिवशी बूड लागलं. थोरल्याची निम्मी चौदाव्या दिवशी, आणि मुळं खालपर्यंत गेली असतील तर महिनाभर त्यानं दम काढला. पीक विम्यात तेव्हा अट होती, पावसात एकवीस दिवसांचा खंड पडला तर नुकसानीची आगाऊ रक्कम. एकवीस! धाकट्याचं पीक सहाव्या दिवशी सुकतंय आणि सरकार एकविसाव्या दिवसाची वाट पाहतंय. तो एकवीस कोणत्या रानाला धरून ठरवला, हे विचारायला आपल्यापैकी कोणाच्या हातात कागद नव्हता. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं ती तरतूदच काढून टाकली, आता पीक कापणी प्रयोगावर काय ते ठरतं. ती परत मागायची तर मागताना आपण दिवस मागायचे की वीत मागायची, याचा विचार करून या.

दुबार पेरणीकडं येतो, कारण पैसा तिथं बुडतो. उन्हाळ्यात वरची माती नुसती सुकत नाही, ती उणे खात्यात जाते. पहिल्या पावसाचे दहा-पंधरा मिलिमीटर ती उधारी फेडण्यातच जातात. चाळीस मिलिमीटर पडला, लोक तिफण जुंपतात. पंधरा उधारीत गेले, राहिले पंचवीस. उघड्या मातीतून पहिल्या तीन-चार दिवसांत दहा-बारा उडतात. राहिले तेरा, तेही बियाच्या खाली. वर ऊन तापलं की कोंब कशावर जगणार? ऐंशी पडला असेल तर हाच हिशोब दहा दिवसांनीही चाळीसच्या पुढं शिल्लक दाखवतो. विद्यापीठं पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका म्हणतात ते यासाठी. सांगताना कारण सांगत नाहीत, म्हणून कोणी ऐकत नाही.

उघड्या मातीचा आणखी एक गुण आहे. वरचा पापुद्रा सुकला की खालची ओल उडण्याचा वेग मंदावतो. त्यानंतर चार दिवसांत जेवढी उडते, सोळा दिवसांत तिच्या दुप्पटच उडते. पण भेग पडली की हा हिशोब मोडला, भेग म्हणजे रांजणाला तडा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणायची. संगणकानं जे इतक्या उशिरा सांगितलं ते त्यांना कुळवामागं चालून कळलं होतं.

शेततळेवाल्यांनी हे नीट ऐका. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यात काठोकाठ बावीस लाख लिटर पाणी बसतं. एकरी पन्नास मिलिमीटरची पाळी म्हणजे दोन लाख लिटर. उडालेलं, झिरपलेलं वजा जाता आठ-नऊ एकर भिजतील. पण माळाच्या रानाला पन्नास देऊ नका. तिथला रांजण तीसचा आहे, वरचे वीस तुमच्या डिझेलसकट मुरमात गेले. तिथं तुषारानं वीस-वीस करून दोनदा द्या. आणि वहीत निम्म्याच्या वर शिल्लक नसेल तर युरियाची गोणी फोडू नका.

रब्बी ज्वारीला तर वहीसुद्धा लागत नाही, सळई लागते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला डार्लिंग डाउन्स नावाचा टापू आहे. काळी भेगाळणारी जमीन, ज्वारी आणि कापूस. तिथल्या टूवूम्बा गावी १९९० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ॲप्सिम नावाचं मोठं गणित उभं केलं. मोठं म्हणजे पिकाचं, मातीचं, नत्राचं सगळं त्यात. त्याच भागात हाऊवेट नावाचं छोटं गणितही निघालं. ते शेतकऱ्याच्या पावसाच्या नोंदी घेतं आणि पेरणीच्या वेळी जमिनीत किती ओल साठली ते सांगतं. आणि तिथले शेतकरी हातात काय घेऊन फिरतात? बोटाएवढी जाड लोखंडी सळई, वर आडवी मूठ, टोकाला सळईपेक्षा किंचित जाड गोळी. ओली माती असेल तोवर सळई आत जाते, कोरडी लागली की थांबते. बस. आत गेली तेवढी वीत मोजायची आणि पस्तीसनं गुणायचं.

आपल्याकडं सोलापूरला कोरडवाहू संशोधन १९३३ पासून चालू आहे. राहुरीच्या विद्यापीठानं ज्वारीचे वाण रानाच्या खोलीवर वाटून दिलेत, हलक्याला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. हे वाटप म्हणजे तोच रांजणाचा हिशोब, कोणीतरी आपल्यासाठी आधीच करून ठेवलेला. पण ते रान भरलं आहे असं धरून चालतं. उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं असेल तर चार वीत रानातही सळई दोन वीतच जाईल, आणि त्या वर्षी तुमचं रान दोन वीतच समजा. पेरा कमी करा, रोपं विरळ ठेवा, किंवा हरभऱ्यावर या. मुरमाच्या रानात सळई दगडावर थांबते, ती फसवते. तिथं खोरं घ्या.

कोणी म्हणेल, सरकारनं हे केलंच आहे. खरं आहे. पोकरा प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीच्या मदतीनं पाच हजारांहून जास्त गावांचा पाण्याचा ताळेबंद करायची पद्धत बसवली, मंडळाचा पाऊस आणि मातीचा नकाशा घेऊन. चांगलं काम आहे, मी तोंडभरून चांगलं म्हणतो. त्यातला तुमच्या गावाचा ताळेबंद ग्रामपंचायतीत मागा आणि त्यात तुमच्या शिवाराची माती किती खोल धरली आहे ते वाचा. माझा अनुभव सांगतो, दोन गावांत आम्ही तो आकडा खड्ड्याशी ताडून पाहिला. काळ्या पट्ट्यात जुळला. माळाला जुळला नाही, नकाशा खोल म्हणत होता.

म्हणून आज ठराव वगैरे काही मांडत नाही. मृगाआधी प्रत्येक गावानं आपल्या शिवारात वीस जागी खोली मोजायची. भारी, मध्यम, माळ, तिन्हीकडं. गट नंबर, किती वीत, खाली काय लागलं, एवढं लिहायचं. गावात पाच डबे बसवायचे, पाच घरं ठरवायची. नोंद ज्या घरात माय-बहिणी ठेवतील तिथं ती तुटत नाही, हे मी पाहिलंय, पुरुष तिसऱ्या दिवशी विसरतो. सळई कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडं होईल, सव्वा मीटर लांब घ्या, टोकाला बेअरिंगची गोळी लावा. गोळी सळईपेक्षा फार मोठी करू नका, नाहीतर दोन माणसं लटकली तरी आत जायची नाही. पहिली सळई आम्ही तशीच केली होती, ती अजून कार्यालयाच्या कोपऱ्यात उभी आहे.

पोळ्यानंतरच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. ज्यांची दुबार झाली त्यांनी तर आणाच.