रमाबाईंची आठ वर्षे



पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की आपण बहुधा एकाच तारखेपाशी अडतो: २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी आपल्या लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यात गदारोळ उठला. कुणी म्हणाले बाटल्या, कुणी म्हणाले फसल्या. त्या वादात आज मला शिरायचे नाही. त्या तारखेनंतरच्या आठ वर्षांबद्दल मला बोलायचे आहे, कारण ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने कधी भेटला याचे रमाबाईंनी स्वतः दिलेले उत्तर १८८३ नाही, १८९१ आहे.

थोडे मागे जाऊ. दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. उरलेली दोघे बहीणभाऊ अर्धपोटी देशभर पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या, तेव्हा त्यांना एक गोष्ट बोचली. शास्त्रकारांचे आपसांत शंभर मतभेद; पण बाईची जात वाईट आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत. हा काटा घेऊनच त्या इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला आपले काम बघायला पाठवले. समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायकांना तिथे आसरा मिळत होता आणि त्या पुन्हा उभ्या राहत होत्या. अशा बायकांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, असे ऐकत रमाबाई मोठ्या झालेल्या. त्यांनी एका सिस्टरला सरळ विचारले, तुम्ही यांची एवढी काळजी का घेता? सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचला: विहिरीवर आलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. माझ्या मते रमाबाईंच्या कानावर हाक पडली ती इथे. कोणी वादात जिंकून त्यांना ख्रिस्ताकडे वळवलेले नाही. शास्त्रांनी ज्यांना दारातून परत पाठवले, त्यांच्याशी तो स्वतःहून बोलायला बसतो, हे त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिले आणि मग ऐकले.

हाक ऐकली म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या हटून बसतात, आपला विवेक कुणाच्या हाती देणार नाही असे बजावतात. गळ्यातल्या क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही त्या भांडल्या. लॅटिन ना मला कळते ना माझ्या देशबांधवांना. लिहायचेच तर संस्कृतात लिहा, असे त्यांचे म्हणणे. चर्चच्या वडीलधाऱ्यांना हा अहंकार वाटला. मला त्यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. जे मनाला पटले नाही ते ओठांनी म्हणायचे नाही, हीच त्यांची पहिली भक्ती होती.

भारतात परतून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. काम वाढत होते, पण आत काहीतरी रिते होते. त्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हा माणूस आधीपासून धर्मोपदेशक. तरी आपण खरे वळलो ते पुष्कळ नंतर, असे त्याने लिहिले आहे. रमाबाईंनी ते स्वतःला लावून पाहिले. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळालेला नाही, हे त्यांना उमगले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटलेली, जगभर नाव झालेले, अशा वेळी स्वतःशी हे कबूल करायला फार मोठे मन लागते.

मग जो बदल झाला तो पुणे जिल्ह्यातल्या केडगावात बघावा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुलीबाळींना घेऊन आल्या. त्या भुकेची त्यांना जुनी ओळख होती. पुण्यात प्लेगची धास्ती, म्हणून केडगावच्या शेतावर वस्ती झाली, आणि तेच मुक्ती मिशन. तिथे आंधळ्या बायका शिकल्या, शेती झाली, छापखाना चालला, खिळे जुळवायला मुली बसल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई तिथेच बायबलचा मराठी तर्जुमा करत राहिल्या, आणि तो खेड्यातल्या बाईला कळावा म्हणून या संस्कृत पंडितेने आपले संस्कृत हातचे राखले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर हे काम चालू होते.

ज्यांना रमाबाई केवळ ‘धर्मांतर केलेली बाई’ म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी त्यांची १९०७ साली छापलेली साक्ष एकदा मुळातून वाचावी. आणि आपण जे ख्रिस्ती घरात जन्मलो, पाळण्यात बाप्तिस्मा घेतला, त्यांनी तर ती आधी वाचावी.