चर्चमधील शाळा आणि सरकारी मान्यता

अमेरिकेंतील नेब्रास्का राज्यांत लुईसव्हिल नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील एका बॅप्टिस्ट चर्चनें १९७७ सालीं आपल्याच इमारतींत मुलांची शाळा काढली. राज्याचा कायदा असा होता कीं, शाळा खासगी असली तरी तिनें सरकारची मान्यता घ्यावी, पटावरील मुलांची माहिती कळवावी, आणि शिक्षकांजवळ सरकारी प्रमाणपत्र असावें. चर्चनें यांतलें कांहींच मानलें नाहीं. मुलांना शिकविणें हें ईश्वराचें कार्य. त्यासाठीं परवाना मागणें म्हणजे सरकारला ईश्वराच्याही वर बसविणें, असें तेथील धर्मोपदेशकाचें म्हणणें.

श्रोत्यांनीं हें म्हणणें हसण्यावारी नेऊं नये. परवाना देणारा उद्यां तो काढूनही घेईल, ही भीति कांहीं खोटी नव्हे. शिवाय प्रमाणपत्र भिंतीवर टांगलें म्हणून शिकवितां येतेंच असें नाहीं. पण मूल वाचावयास शिकलें कीं नाहीं, हें बापाखेरीज आणखी कोणीतरी पाहावयास नको काय? १९८१ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें सरकारचीच बाजू उचलून धरली.

निकाल योग्य असेल. त्याची अंमलबजावणी मात्र शोभादायक नव्हती. ऑक्टोबर १९८२ मध्यें शेरीफच्या शिपायांनीं प्रार्थनेस बसलेल्या सुमारें ८५ माणसांना बाहेर काढून दारास कुलूप ठोकलें. पुढील वर्षीं नोव्हेंबरांत सात बापांची रवानगी तुरुंगांत झाली. शाळेविषयींच्या न्यायालयाच्या प्रश्नांस उत्तरें देण्याचें त्यांनीं नाकारलें होतें. आपल्यालाही अटक होईल या धास्तीनें त्यांच्या बायका मुलांसह राज्य सोडून गेल्या. शिक्षणाच्या नांवानें चाललेल्या या भांडणांत त्या दिवसांत मुलांचें शिक्षण किती झालें असेल, हें कोणीही मास्तर सांगूं शकेल.

अखेर गव्हर्नर बॉब केरी यांनीं एक समिति नेमली आणि एप्रिल १९८४ मध्यें कायदा बदलला. सरकारी अटी आपल्या मनापासूनच्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहेत असें आईबापांनीं लिहून दिलें, तर त्यांच्या शाळेस मान्यतेची व तिच्या शिक्षकांस प्रमाणपत्राची सक्ति राहिली नाहीं. सूट मागावयाची ती आईबापांनीं, चर्चनें नव्हे, ही त्यांतील ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट. आणि भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र व आरोग्य हे पांच विषय शिकविण्यांतून मात्र कोणासही सूट मिळाली नाहीं.