औषध पोहोचले पाहिजे



महाराष्ट्रातील कुष्ठरुग्ण आयर्लंडचे ऋणी आहेत. १९५४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने क्षयावर इलाज म्हणून क्लोफाझिमिन तयार केले. ते गुणकारी ठरले कुष्ठरोगावर. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारात त्याला स्थान मिळाले. आज ते, इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरही वापरले जाते.

परंतु हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून संशोधकांनी त्याचे नॅनोकण केले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. असे कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात आणि क्षयाच्या कुळातील जंतू नेमके त्याच पेशींत दडलेले असतात. २००० सालच्या प्रयोगात हे कण शिरेवाटे दिल्यावर उंदरांच्या यकृतातील व फुप्फुसांतील अशा जंतूंची संख्या घटली. मानवी उपचारात मात्र ही पद्धत अद्याप रूढ झालेली नाही.

आम्हा डॉक्टरांच्या मते शोध हे अर्धेच कार्य होय. औषध जंतूपर्यंत आणि रुग्णापर्यंत पोहोचविणे हे उरलेले अर्धे. ते आपल्याही हाती आहे. गावी कुणाच्या अंगावर बधिर चट्टा आढळल्यास त्याला दूर लोटू नका. सरकारी दवाखान्यात न्या. तेथे हे उपचार विनामूल्य मिळतात.