निसर्गशिक्षण केंद्र आणि स्वयंसेवक : नोंदवहीची परंपरा

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत निसर्गशिक्षण केंद्राचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात उभा राहिला असेल. ग्रंथालयाचा संबंध ग्रंथांशी; रानाशी, पाखरांशी त्याचे नाते कोणते? परंतु थोडे मागे जाऊन पाहिले, तर या दोन्ही संस्था एकाच वृत्तीतून जन्मल्या असल्याचे ध्यानात येते. चार समानधर्मी माणसांनी एकत्र यावे, आपापल्याजवळचे ज्ञान सामाईक करावे, त्यासाठी वर्गणी काढावी, जागा शोधावी आणि कारभार आपणच पाहावा, ही ती वृत्ती होय. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे ठिकठिकाणी वाचनालये निघाली ती या वृत्तीमुळे, आणि निसर्गाच्या अभ्यासासाठी मुंबईत पहिली मोठी संस्था निघाली तीही याच वृत्तीमुळे.

ती संस्था म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र जमले. आपण पाहिलेल्या प्राणी-वनस्पतींविषयी टिपणे एकमेकांस सांगावीत आणि जमवलेले नमुने दाखवावेत, एवढाच त्यांचा माफक हेतू होता. या आठांत सहा युरोपियन होते आणि दोघे आपले होते. पहिले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. प्रार्थना समाजाच्या स्थापनेतील त्यांचा वाटा सर्वश्रुत आहे. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग हे त्यांचे वडील बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत, डॉ. रखमाबाई त्यांच्या घरात वाढल्या. म्हणजे ज्या घराने मराठीला व्याकरण दिले, त्याच घरातील एक पुरुष निसर्गाच्या अभ्यासकांतही पहिल्या पंक्तीत होता. भाषा आणि सृष्टी ही दोन वेगळी खाती आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते.

या संस्थेला प्रारंभी स्वतःची वास्तू नव्हती. फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने १८८४ साली आपल्या पेढीतली जागा तिला दिली आणि पुढे अनेक वर्षे मानद चिटणीस म्हणून तिचा भार वाहिला. त्याच पेढीतील मिलार्ड हे त्यांच्यामागून चिटणीस झाले. १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी होती आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, एवढेच त्या मुलाला विचारायचे होते. मिलार्ड यांनी पक्ष्याचे नाव सांगितलेच, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. संस्थेच्या संग्रहातील भुसा भरलेले पक्षी त्यांनी खणामागून खण उघडून त्याला दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. हा मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली. त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला आणि कित्येक पिढ्यांनी त्याच्या आधाराने पाखरे ओळखली. मिलार्ड यांना या कामाचे वेतन नव्हते. त्यांनी एका अनोळखी मुलाला आपला थोडा वेळ दिला होता. निसर्गशिक्षणाचा सारा इतिहास पाहिला, तर त्याच्या मुळाशी असा विनावेतन दिलेला वेळच आढळतो.

याच संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र मुंबईत गोरेगावला, चित्रनगरीच्या शेजारी, १९९३ साली सुरू झाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली सुमारे ३३ एकर वनभूमी हाच त्याचा वर्ग. कोट्यवधी लोकवस्तीच्या महानगरातील मूल येथे पायवाटेवर उतरते आणि पुस्तकात वाचलेला पळस किंवा काटेसावर प्रथमच प्रत्यक्ष पाहते. असे केंद्र पगारी नोकरांच्या बळावर चालू ठेवता येते, पण ते जिवंत राहते स्वयंसेवकांमुळे.

स्वयंसेवकाचे काम कोणते? बाहेरून पाहणाऱ्याला मुलांपुढे बोलणारा मार्गदर्शक तेवढा दिसतो. वस्तुतः ते काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पावसाळा सरला की वाढलेले गवत काढून पायवाट मोकळी करायची; झाडांवरच्या नावांच्या पाट्या पुन्हा लिहायच्या; रोपवाटिकेत बी पेरायचे; मुले येण्यापूर्वी वाट एकदा स्वतः चालून पाहायची. मुले आली की निम्मे काम त्यांना गप्प राहण्याची गोडी लावण्याचे असते, कारण दहा मिनिटे शांत उभे राहिल्यावाचून पाखरू दिसत नाही. एखाद्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर ‘माहीत नाही, आपण शोधू’ असे म्हणण्याचा प्रामाणिकपणाही तेथे लागतो. आणि सर्वांत शेवटचे, सर्वांत कंटाळवाणे पण सर्वांत मोलाचे काम म्हणजे नोंदवही लिहिणे : आज काय दिसले, कोठे दिसले, किती दिसले.

या नोंदवहीचे मोल कळण्यासाठी कारवीचे उदाहरण पुरेसे आहे. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे हे झुडूप कोकणातल्या माणसाला परके नाही. त्याच्या काठ्यांच्या कुडाला माती लिंपून तेथे घरांच्या भिंती उभ्या राहत आल्या आहेत. कारवी सात वर्षे नुसती पाने धरते आणि आठव्या वर्षी सारा डोंगर जांभळा करून टाकते. फुलून झाले की झुडूप मरते. बिया वाळलेल्या बोंडांत राहतात आणि पुढच्या पावसात उडून जमिनीवर पडतात. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ साली फुलली, नंतर २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली. जे मूल २०१६ साली तिसरीत असताना हा फुलोरा पाहून गेले, ते २०२४ साली महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर होते. २०३२ साली ते कदाचित स्वतःच्या पोटापाण्याच्या उद्योगात गुंतलेले असेल. एका माणसाची हौस इतकी वर्षे टिकेलच असे नाही. मागच्या फुलोऱ्याची तारीख पुढच्या पिढीच्या हाती सोपवायची, तर संस्था हवी, आणि संस्थेत ती तारीख लिहून ठेवणारा कोणीतरी हवा.

कधी कधी या कामावर माणसांचे प्राणही अवलंबून असतात. राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती दाट वस्ती आहे आणि उद्यानात बिबटे आहेत. वस्तीत बिबट्या दिसला की त्याला पकडून दूर सोडा, अशी मागणी होते. परंतु जुन्नर परिसरातील अभ्यासातून असे पुढे आले होते की, पकडून अन्यत्र सोडलेल्या बिबट्यांमुळे संकट टळत नाही, उलट वाढण्याचा संभव असतो. २०११ साली वनखात्याने संशोधक आणि नागरिक यांना एकत्र आणून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. स्वयंसेवक वस्त्यांत आणि गृहसंकुलांत गेले. उघड्यावरचा कचरा भटकी कुत्री पोसतो आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, ही साधी साखळी त्यांनी लोकांना समजावून दिली. पोलीस आणि पत्रकार यांच्याशीही बोलणे केले. वारली लोक वाघोबाला देव मानून पिढ्यान्पिढ्या त्याच्या शेजारी राहत आले, हेही शहरी माणसाला त्या निमित्ताने कळले. २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत या परिसरात ३५ बिबटे आढळले. संकट कायमचे संपले असे कोणी म्हणू नये. परंतु भीतीच्या जागी समज आणण्याचे काम हुकमाने होत नाही, दारोदार जाणाऱ्या माणसांमुळे होते.

आता महानगरातून एका लहानशा गावाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून आपल्याला इतिहासातून परिचित आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली किनाऱ्यावर समुद्री गरुडांची पाहणी करीत होते. तेव्हा त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तेथे अंडी घालीत आणि ती खाण्यासाठी उकरून नेली जात. संस्थेने पहारेकरी बाहेरून आणले नाहीत. गावकऱ्यांनाच विश्वासात घेतले. गावातली माणसे पहाटे किनारा चालू लागली, घरट्यातील अंडी कुंपणाच्या आत हलवून तशाच खड्ड्यात पुरू लागली आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहू लागली. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिले वाळूतून वर येतात आणि समुद्राकडे धाव घेतात. २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले आणि दोन पैसे गावात राहू लागले. महोत्सवाची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात, परंतु महोत्सव उभा आहे तो पहाटेच्या त्या फेरीवर. फेरी थांबली तर पाहुण्यांना दाखवायला काही उरणार नाही.

स्वयंसेवेत उत्साहाइतकीच माहितीचीही गरज असते, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कोठेही खड्डे खणून कोणतीही रोपे लावणे म्हणजे निसर्गसेवा, असा एक समज रूढ आहे. माळरान हे उजाड रान नसून तो स्वतंत्र अधिवास आहे. माळढोक, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या गवताळ भूमीवरच जगतात. तेथे झाडांची गर्दी केली तर त्यांचे घर मोडते. साप पकडून गर्दीपुढे मिरवणारा तरुणही असाच सद्हेतूने अपाय करतो, आणि कधी प्राणाला मुकतो. मोडणार काय, हे आधी विचारण्याची सवय लावणे, हा निसर्गशिक्षण केंद्राचा पहिला धडा असला पाहिजे.

नोंदवहीत उतरलेल्या लहान लहान निरीक्षणांतून केवढे ज्ञान उभे राहते, याचाही दाखला देता येईल. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पाखरांची शिकार करण्याची प्रथा होती. फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली त्याऐवजी पाखरे मोजण्याची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी अवघ्या २७ जणांनी भाग घेतला. ती गणना आजतागायत चालू आहे. आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला असून त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. त्या निरीक्षकांत शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी, विद्यार्थी असे सर्व थरांतले लोक आहेत. कोणती पाखरे घटत आहेत, हे देशाला त्यांच्यामुळे कळले.

मग महाराष्ट्राच्या सीमेबाहेर वसलेल्या मराठी ग्रंथालयाने यात काय करावे? त्याच्याजवळ एक अशी गोष्ट आहे, जी अन्य कोणत्याही निसर्गकेंद्राजवळ नाही. ती म्हणजे शब्द. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात आदिवासींकडून, पारध्यांकडून आणि जुन्या ग्रंथांतून पाखरांची, झाडांची नावे वेचली आणि पुढे कोश रचले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे देखणे शब्द त्यांनी मराठीला दिले. २०२५ साली ते गेले. त्यांचे ग्रंथ या ग्रंथालयासारख्या कपाटांत आहेत; परंतु त्यांतील नावे मुलांच्या तोंडी नाहीत. परप्रांतात वाढणारे मराठी मूल भारद्वाज पक्षी पाहते, त्याला शाळेत शिकलेले इंग्रजी नाव आठवते, क्वचित शेजाऱ्याकडून ऐकलेले हिंदी ‘महोख’ किंवा कानडी ‘केंबूत’ आठवते. घरातल्या आजीला मात्र ‘कुंभारकावळा’ ठाऊक असतो, आणि आजी कोकणातली असली तर ‘कुकुडकुंभा’. आजी बागेत जात नाही आणि मूल आजीला विचारत नाही. नाव पुसले गेले की त्या पाखराकडे पाहणारी नजरही मंद होते.

म्हणून ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने एक साधी योजना कार्यकारिणीने विचारात घ्यावी. महिन्यातील एका रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या दारातून एक फेरी निघावी. गावातले तळे, जुनी बाग, नदीकाठ किंवा माळ, जे असेल तेथे जावी. तीत एक जाणकार असावा, चार मुले असावीत, आणि मुख्य म्हणजे दोन-तीन आजी-आजोबा असावेत. परत आल्यावर वाचनकक्षात एक जाड नोंदवही उघडावी. तारीख, ठिकाण आणि संख्या यांच्याबरोबर प्रत्येक पाखराची, झाडाची सारी नावे तीत लिहावीत : मराठी, बोलीतले, आणि ज्या प्रांताने आपल्याला आश्रय दिला त्या प्रांताच्या भाषेतले. शेजारच्या शाळेतील अमराठी मुलांनाही अगत्याने बोलवावे. या योजनेला इमारत नको, अनुदान नको. लागेल तो नियमितपणा, आणि तोच सर्वांत दुर्मीळ आहे.

ही नोंदवही पहिल्या वर्षी फारशी उपयोगाची वाटणार नाही. दहाव्या वर्षी तिच्यातून काही दिसू लागेल. पन्नासाव्या वर्षी ती या गावाच्या सृष्टीचा एकमेव लेखी पुरावा ठरू शकेल. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या ग्रंथालयाच्या दाखलनोंद वहीत पहिल्या पुस्तकाचा क्रमांक घातला, त्यांना तरी आजचा हा ग्रंथसंग्रह कोठे दिसत होता? त्यांनी दर संध्याकाळी दार उघडले, दिवा लावला आणि वही लिहिली. तसेच कोणीतरी एका रविवारी सकाळी उठून दुसऱ्या वहीचे पहिले पान लिहावे, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.