गव्हाण थांबते तेव्हा



गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकतात ती गव्हाण. आपल्या साखर कारखान्यांनी हा शब्द तसाच उचलला. जिथे ऊस पडतो आणि साखळ्यांवर चढून गाळपाला निघतो, ती कारखान्याची गव्हाण. हंगामाच्या पहिल्या दिवशी पुढारी तिच्यात मोळी टाकतात, नारळ फुटतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. ती गव्हाण चालवणारा माणूस त्या फोटोत नसतो. कारखान्यात त्याला केन कॅरिअर ऑपरेटर म्हणतात. मी एका सहकारी कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली, त्याची हजेरी मीच मांडायचो. आज त्याच्या पगाराचं आणि घरखर्चाचं बोलणार आहे.

आधी काम कसं असतं ते सांगतो. क्रेन ट्रॉलीतला ऊस उचलून गव्हाणीत टाकते. तिथून तो कॅरिअरवर उतरतो, कटर आणि फायब्रायझरखाली बारीक होतो आणि पहिल्या मिलकडे जातो. ऊस एकदम आला की मिल चोक. कमी आला की मिल रिकामी फिरते, मागे बगॅस, म्हणजे बॉयलरचं जळण, तुटतो आणि बॉयलरची वाफ उतरते. म्हणून या माणसाला आठ तास पट्ट्यांवरून नजर काढता येत नाही. डोळ्यांत भुसकट, कानात कटरचा आवाज. घरी बायकोने दोनदा हाक मारल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही.

त्याचा पगार ठरतो त्रिपक्षीय समितीत. शासन, कारखानदार आणि कामगार संघटना एकत्र बसून पाच-पाच वर्षांचे करार करतात. १ एप्रिल २०१९ पासूनची १२ टक्के वाढ ठरली २०२१ मध्ये. १ एप्रिल २०२४ पासूनची १० टक्के वाढ ठरली २०२५ मध्ये. फरक मिळतो, नाही असं नाही; पण तो हप्त्याहप्त्याने, कारखान्याच्या सवडीने. किराणा दुकानदार काही मागच्या तारखेपासून भाव उतरवत नाही. आणि ठेकेदाराकडचा रोजंदारीवाला त्याच गव्हाणीवर उभा असला, तरी या कराराचा फायदा बहुधा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

महागाईसाठी भत्ता आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारावर हलतो. आपल्या राज्यात त्यासाठी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर अशा केंद्रांतले भाव टिपतात. या निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार पूर्वी ४६ टक्क्यांच्या आसपास होता. २०१६ या पायावरच्या मालिकेत तो ३९ वर आला. शहरातल्या कुटुंबाचा खर्च तसा बदलला असेल. पण गावात राहणाऱ्याला डाळ-तेल त्याच भावाने घ्यावं लागतं, आणि दवाखान्यासाठी तालुक्याला जाण्याचं भाडं वर.

घर चालवायला किती लागतं, याचा हिशेब आपल्या देशाने फार पूर्वी मांडलेला आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने कामगाराचं कुटुंब तीन उपभोग-घटकांचं धरलं. दर घटकाला रोज २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, वर घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी किमान वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के जोडायला सांगितलं. आणि परिषदेने एक अट घातली होती, ती मला फार मोलाची वाटते: बायकोची आणि मुलांची कमाई या हिशेबात धरायची नाही.

आता आमच्या माणसाकडे या. तो 'हंगामी कायम'. नोकरी कायम, काम हंगामापुरतं. पूर्वी गव्हाण पाच-सहा महिने फिरायची. आता पुष्कळ ठिकाणी शंभर-सव्वाशे दिवसांत पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मग मिळतं ते रिटेन्शन, म्हणजे घरी बसल्याबद्दल पगाराचा एक हिस्सा, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. उष्मांक मात्र मे महिन्यातही तेवढेच लागतात. मग तो गवंड्याच्या हाताखाली जातो. बायको खुरपणीला जाते. जी कमाई हिशेबात धरायची नव्हती, तिच्यावरच जून-जुलैची चूल पेटते. दुकानदाराची उधारीची वही दिवाळीपर्यंत फुगते आणि हंगामाचा पहिला पगार झाला की थोडी रोडावते.

एका जूनमध्ये असाच एक ऑपरेटर माझ्या टेबलाशी आला. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी पगाराचा दाखला हवा होता. फॉर्ममध्ये रकाना होता, 'मासिक उत्पन्न'. मी विचारलं, "कुठल्या महिन्याचं लिहू?"

तो म्हणाला, "अण्णा, फेब्रुवारीचं लिहिलं तर फीची सवलत जाते. जूनचं लिहिलं तर बँकवाला कर्ज देत नाही. तुम्हीच सांगा."

मी त्याची वर्षभराची सगळी मिळकत जोडली, बाराने भागली आणि आलेला आकडा लिहिला. तो आकडा त्याने कितीतरी वेळ पाहिला. इतकी वर्षं कामावर होता, पण आपल्याला महिन्याला नेमकं किती मिळतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्रिपक्षीय समितीपुढे पुढचा करार येईल तेव्हा टक्क्यांवर घासाघीस होईलच. त्याआधी समितीने हा एक भागाकार करावा, एवढंच माझं मागणं आहे. पगार हंगामाचा धरू नये, वर्षाचा धरावा. तो बाराने भागावा आणि १९५७ च्या त्या यादीशेजारी ठेवून पाहावा.