घर वाचण्याची विद्या



बारावी झालेल्या मुलीने ‘मी आर्किटेक्ट होणार’ असे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो : ‘म्हणजे इंजिनिअरच ना?’ तसे नव्हे. इमारत उभी कशी राहील याची मुख्य चिंता इंजिनिअर वाहतो. तीत माणसे कशी राहतील याची वास्तुकार. पण उभ्या न राहणाऱ्या घरात राहायचे तरी कोणी? म्हणूनच पाच वर्षांच्या या शिक्षणात पहिल्या वर्षापासून रचना आणि बांधकाम हे दोन विषय जोडीने चालतात.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९६ मध्ये या शिक्षणाचा आरंभ झाला, तो आरेखकांच्या वर्गाने. आजही सुरुवात मोजण्यापासूनच होते. पायरी साधारण १५ सेंटीमीटर उंच आणि ३० रुंद का, ओट्याची उंची कोणाच्या कमरेवरून ठरली, हे विद्यार्थी टेप धरून शिकतो. शेजारच्या तासाला पाया, जोते, कमान, लाकडाचे सांधे. चिऱ्यांच्या दोन थरांत सांध्यावर सांधा का येऊ देत नाहीत, हे आपल्या गवंड्याला ठाऊक असते. कॉलेजात त्याचे कारण सांगतात.

आता आपल्या रत्नागिरीकडे पाहा. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपला दगड जांभा. तो खाणीत मऊ, म्हणून चिरा काढता येतो. वारा लागला की कठीण होतो. मलबारात हा दगड पाहिलेल्या बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले. पण जांभा सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून कौलारू छप्पर भिंतीच्या पुढे काढले, वळचण आली, पागोळ्या भिंतीपासून दूर पडू लागल्या आणि मधल्या जागेला पडवी मिळाली. म्हणजे पडवी ही हौस नव्हे. दगड आणि पाऊस यांच्या भांडणात काढलेली ती तडजोड आहे. रचना आणि बांधकाम वेगळे नाहीत, ते असे.

माझीच एक चूक सांगतो. नवी पदवी घेऊन मी आत्याच्या घराचा नकाशा काढला. कौले उतरवली, सपाट स्लॅब घातला, उताराकडे नीट लक्ष दिले नाही. दोन पावसाळ्यांत माजघरात पातेली मांडावी लागली. आज त्या स्लॅबवर लोखंडी खांब आणि पत्र्याचे छप्पर आहे. आत्या बोलली नाही. पण एका घराला दोन छपरांचा खर्च तिने सोसला. गावात फिरताना अशी दुहेरी छपरे किती दिसतात, ते आपणच मोजा.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. मुलांना या शिक्षणाला अवश्य पाठवा, पण त्यांचा पहिला धडा येथे होऊ द्या. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा आपल्या गावात आहे; त्याची उतरती छपरे पाहा. आणि जुने घर पाडायचेच असेल, तर पाडण्यापूर्वी मुलांना माळ्यावर चढू द्या. आढे, वासे, रिपा त्यांना मोजू द्या. सुताराला प्रश्न विचारू द्या. घर गेले तरी त्याचे शहाणपण कागदावर राहील, आणि पुढच्या घराच्या उपयोगी पडेल.